थोरलीला आधी

जवळचं वाचायचा नंबर बरोबर लागलाय की नाही हे पाहायला थोआ गिऱ्हाइकाच्या हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र देत असे. दुकानात छापील तक्ता होता, पण तक्त्यासमोर म्हातारी माणसं परीक्षेला बसल्यासारखी घाबरतात, अक्षरं आठवून आठवून चुकीची सांगतात आणि नंबर उगाच वाढतो, हे दानांग शहरातल्या या चष्म्याच्या दुकानात तेवीस वर्षं काढल्यावर तिला कळलं होतं. त्या सकाळी समोर बसलेले आजोबा सायकली दुरुस्त करणारे होते. बोटांच्या पेरांत वंगण मुरलेलं. "कुठलंही वाचा आजोबा, फक्त बारीक अक्षरातलं वाचा," ती म्हणाली. आजोबांनी सवयीनं पेपर लांब धरला, मग हसून जवळ आणला आणि पाचव्या पानाच्या कोपऱ्यातली बातमी एकेक शब्द सुटा करत वाचू लागले. "साय घाटावरच्या... आईच्या देवळाला... वारसास्थळाचा दर्जा. तिसऱ्या महिन्यातल्या उत्सवात... शिळा बसवणार. महापुरात देवळाचे राखणदार फान खाम यांनी... जिवावर उदार होऊन आईला वाचवलं." आजोबा थांबले. "अगं, मुंगीएवढं अक्षर आहे, पण दिसतंय हां, पोरी!" "पुढे वाचा," थोआ म्हणाली. तिचा हात चाचणीच्या चौकटीवर होता, एक काच काढून दुसरी घालायची होती, ती तिनं घातली नाही. आजोबांनी बोट ओळीवर ठेवलं. "त्यांच्या पत्नीचे... अखेरचे शब्द शिळेवर कोरण्यात येतील. थोरलीला आधी न्या, मी थांबते." मग त्यांनी चौकट कपाळावर सरकवून डोळे पुसले, ते पाणी नव्या काचेमुळे आलं की आणखी कशामुळे ते कळलं नाही. "कसली बाई असेल गं! अशा बायका आता होणं नाही." थोआनं त्यांच्या हातून पेपर घेतला, घडी केली, घडी पुन्हा उलगडून पुन्हा केली. "डोळ्यांवर ताण येतोय का?" तिनं विचारलं. "नाही? मग हाच नंबर."

दिवसभर दुकानात ती नेहमीसारखी वावरली. काचा पुसल्या, एका शाळकरी मुलीच्या नाकावरची चौकट वाकवून दिली, मालकाला नव्या मालाची यादी वाचून दाखवली. फक्त एक गोष्ट झाली. ते वाक्य आजोबांच्या तुटक आवाजात डोक्यात शिरलं होतं, आणि त्या तुटकपणामुळे ते पहिल्यांदाच परक्या माणसाचं वाटत होतं, जणू कुणी दुसऱ्याच बाईनं दुसऱ्याच घरात ते उच्चारलं असावं. तसं ते परकंच होतं. तिच्या आईनं ते कधी म्हटलंच नव्हतं. ते थोआनं म्हटलं होतं, बावीस वर्षांची असताना, टेकडीवरच्या शाळेच्या ओसरीत, ओल्या कपड्यांनिशी. पंचवीस वर्षांत ते वाक्य तिच्या तोंडून एकदाच बाहेर पडलं, नंतर त्याला तिची गरजच उरली नाही.

त्यांच्या घराला दोन आया होत्या. एक घाटावर, देवळात, फणसाच्या लाकडाची, लाखेवर सोन्याचा वर्ख चढवलेली, ती थोरली. दुसरी घरातली, सुओंग नावाची, कमरेनं जाड, पाण्याला भिणारी, तिला नुसतं आई. लहानपणी याची गंमत वाटे. "आईला नवा झगा शिवायचाय" म्हटलं की थोआ विचारी, "कुठल्या आईला?" आणि आई सुपारी कातरता कातरता म्हणे, "मला कोण शिवतंय? माझ्या सवतीला." सवत हे तिचं रोजचं होतं. बाबा पहाटे उठून पहिला पेला पाणी थोरलीला नेत, पहिल्या वाफेचा भात थोरलीला, बागेतलं पहिलं पपनस थोरलीला. आई म्हणे, "लग्नात मला कुणी सांगितलं नाही की हा आधीच संसारी आहे." पण झगे तीच शिवायची. वर्षाला एक, लाल, हिरवा, पांढरा असे पाळीपाळीनं, आणि शिवताना तोंडात सुई धरून त्या लाकडी बाईशी बोलायची. खांदे किती रुंद गं तुझे, नांगर धरायचीस की काय. एकदा थोआनं विचारलं होतं की थोरली आली कुठून, तेव्हा आईनं सुई बाजूला काढून सांगितलं, "ती आपली नव्हेच. आपल्या लोकांच्या आधी या नदीवर चाम लोक होते, त्यांची ती. ते दक्षिणेला पळाले तेव्हा बायकापोरं नेली, म्हशी नेल्या, आणि हिला टाकून गेले. आपल्या लोकांना ती इथे एकटी बसलेली सापडली. मग आपल्यांनी तिला आपले कपडे घातले, आपलं नाव दिलं. माझ्यासारखंच की." हे सांगताना आई हसत होती. थोआला मात्र त्या वयात रडू आलं होतं, म्हशी नेल्या आणि हिला नेलं नाही याचं.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर फोन वाजला. आवाज तरुण, नम्र, ह्वे शहराच्या बोलीतला, शब्दांचे शेवट खाली टाकणारा. ती शिळेचा मजकूर तयार करणाऱ्या कार्यालयातली मुलगी होती, क्वेन. "मावशी, तुमचा नंबर देवळाच्या तोआनकाकांनी दिला. उत्सवाच्या आदल्या दिवशी थोरलीचं स्नान आहे, तेव्हा तुम्ही हव्यात. आणि तुमच्या आईंचा एखादा फोटो मिळाला तर..." "फोटो नाही," थोआ म्हणाली. "सगळं पाण्यात गेलं." "हो, ते मला समजायला हवं होतं, चुकलंच माझं." थोडं थांबून ती म्हणाली, "शब्द तरी राहिलेत ना, मावशी. खरं सांगू? अर्जात देवळाच्या वयाचे पुरावे होते, लाकडाचा अहवाल होता, सगळं होतं. पण वाचणाऱ्यांचे डोळे त्या एका वाक्यानं भरून आले. मी स्वतः पाहिलंय. मजकुराच्या शेवटच्या दोन ओळी पाथरवट तिथेच येऊन कोरणार आहे, तुमच्या समोर." थोआनं म्हटलं, "बरं." फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आत्ता सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की बाळ, ते खरं नाही. पण खरं काय होतं हे त्या मुलीनं मग विचारलं असतं, आणि ते खरं वाक्य थोआनं आजवर मनातसुद्धा पुरतं उच्चारलं नव्हतं. त्याच्या जवळ गेलं की मन दुसरीकडे वळे, रस्त्यात खड्डा असावा आणि पायांना तो ठाऊक असावा तसं.

महापुराच्या त्या वर्षी पाऊस चार दिवस पडत होता. त्यात नवल नव्हतं, तिथे प्रत्येक घराला पुरासाठी माळा असतो आणि वर्षातून दोनदा माणसं तांदूळ, चूल, पितरांच्या तसबिरी घेऊन माळ्यावर चढतात, पत्ते खेळतात, पाणी उतरलं की चिखल लोटतात. त्या सकाळीही आई शिडी चढताना कुरकुरत होती की गुडघ्यांनी आता दरसालचा हा खेळ बंद करावा. पण पाणी शिडीच्या चौथ्या पायरीवर नेहमी थांबायचं, ते थांबलं नाही. बाबा होडी घेऊन देवळाकडे गेले होते. देऊळ घरापेक्षा खाली, नदीच्या तोंडाशी. माळ्याला छपराच्या उतारात एक खिडकी होती, माणूस वाकून जाईल एवढी. थोआ त्या खिडकीत बसून पाहत होती. ओळखीच्या सगळ्या वस्तू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला चालल्या होत्या, शेजारच्या लुऊमावशीचं कोंबड्यांचं खुराडं, एक दार, केळीची अख्खी झाडं उभ्यानं. मग बाबा आले. होडीत कुणीतरी आडवं झोपलेलं होतं, मच्छरदाणीत गुंडाळलेलं, आणि मच्छरदाणी त्यांच्याच घरातली होती. आईनं खिडकीतून पाहिलं आणि तिला लगेच कळलं कोण आहे ते. "आणलीत तिला," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. मग तिनं आपला पदर खोचावा तशी झग्याची टोकं कमरेला खोचली आणि हात पुढे केला. बाबा म्हणाले, "होडीत एकाचीच जागा आहे. थोआ, तू ये. दुसरं वल्हं मारायला कुणीतरी हवं, नाहीतर मला परत येता येणार नाही. टेकडीवर हिला ठेवतो आणि येतो. अर्ध्या तासात. घर संध्याकाळपर्यंत धरेल." तो हिशोब बरोबर होता. थोआनं पुढे तो शेकडो वेळा करून पाहिला, प्रत्येक वेळी तो बरोबरच निघाला. पण आईचा हात तसाच पुढे होता. तिनं बाबांची बाही धरली. ती म्हणाली...

इथे मन वळतं. ती काय म्हणाली ते बाजूला राहू दे, असं मन म्हणतं, आणि त्याऐवजी पुढचं दाखवतं. थोआनं खिडकीतून पाय टाकला. होडीच्या तळाला पाय लागला, होडी हलली, थांबली. आणि त्या क्षणी थोआला बरं वाटलं. छातीतून काहीतरी मोकळं झालं. मागे आई खिडकीत होती, पुढे बाबांची पाठ होती, मांडीला ओली मच्छरदाणी आणि तिच्या आतला लाकडी खांदा लागत होता, आणि थोआला बरं वाटत होतं. तेवढंच. फार तर दोन श्वासांचं. लोकांना पुराची स्वप्नं पडतात म्हणे, पाण्याची, बुडण्याची. तिला स्वप्नात पाणी कधीच दिसत नाही. स्वप्नात तिला नुसतं बरं वाटतं, आणि ती घाबरून जागी होते.

टेकडीच्या शाळेपाशी होडी बुडालेल्या कुंपणाच्या भिंतीवर आपटली आणि फुटली. थोरलीला लोकांनी हातोहात वर घेतलं. बाबा गळ्याएवढ्या पाण्यात परत निघाले, दोनदा माणसांनी त्यांना ओढून काढलं, दुसऱ्या वेळी त्यांच्या हाताला चावे घेतल्याच्या खुणा होत्या, त्यांच्या स्वतःच्याच दातांच्या. दुसरी होडी नव्हती. शिपायांची बोट दुसऱ्या दिवशी दुपारी आली, तोवर गल्लीत त्यांचं घर नव्हतंच. आई चौथ्या दिवशी खालच्या बांबूच्या बेटात सापडली. तिसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीत बाबा मूर्तीशेजारी बसले होते, मूर्ती भिंतीला टेकवलेली, दोघंही समोर पाहत असलेले. त्यांच्यासमोरून जाताना एक बाई, जिचं स्वतःचं कुणी सापडत नव्हतं, थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "बायकोला सोडून लाकूड आणलं!" बाबांनी मान खाली घातली नाही, वर केली नाही, ते ऐकू आल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही, आणि तेच थोआला सहन झालं नाही. ती उठली आणि म्हणाली, "आईच म्हणाली. थोरलीला आधी न्या, मी थांबते, असं आईनंच सांगितलं." ती बाई क्षणभर उभी राहिली. मग मूर्तीपुढे मटकन बसली आणि जमिनीला कपाळ लावून रडू लागली, मग दुसरी रडू लागली, मग सगळी ओसरी. बाबांनी तेव्हा पहिल्यांदा थोआकडे पाहिलं. थोआनं नजर काढून घेतली.

वाक्य मग एकटंच वाढलं. देऊळ पुन्हा उभं राहिलं, लोकांनी लाकूड दिलं, कौलं दिली, आणि देताना तेच सांगितलं. दुसऱ्या वर्षीच्या उत्सवात एका बाईच्या अंगात थोरली आली. डोक्यावरचा लाल रुमाल झुगारून, नाचून, घामाघूम होऊन, पंखा छातीशी धरून ती देवीच्या आवाजात म्हणाली, "सुओंग म्हणाली, थोरलीला आधी न्या! सुओंग माझी धाकटी बहीण!" बायकांनी हुंदके दिले, गाणाऱ्यांनी ढोलकी थांबवली. थोआ खांबाला पाठ लावून उभी होती. आपण बोललेलं खोटं देवाच्या तोंडून आपल्याला परत ऐकवलं जातंय, आणि देवाला तरी खरं ठाऊक असायला हवं होतं, होडीत तीच तर आडवी होती, असं काहीसं तिच्या मनात आलं. पुढच्या महिन्यात तिनं दानांगला नोकरी धरली. मधला डोंगरातला घाट ओलांडला की बस तीन तासांत पोचते, पण ती वर्षातून एकदाच जाई, आईच्या श्राद्धाला. त्या एका दिवशी बाबा थोरलीचं पाणी उशिरा नेत. आधी आईच्या तसबिरीसमोर, म्हणजे तसबीर नव्हती, नाव लिहिलेल्या पाटीसमोर, शिंपल्यांचा भात ठेवत, तिच्या आवडीचा, भरपूर मिरची घालून, मग हात धुऊन घाटाकडे जात. बोलत काहीच नसत. फक्त एकदा, शेवटच्या आजारापूर्वीच्या वर्षी, ओट्यावर जाळं विणता विणता त्यांनी मान न उचलता विचारलं, "थोआ, तुझी आई खरंच तसं म्हणाली होती ना गं?" ते स्वतः तिथे होते. बाही त्यांची धरली होती. थोआनं त्यांच्या सुरकुतलेल्या, गाठी मारणाऱ्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणाली ना, बाबा." त्यांनी मान हलवली. "मलाही तसंच आठवतं," ते म्हणाले. त्यांना असं दिलेलं ते वाक्य परत घ्यायचं नाही, असं तिनं तेव्हा ठरवलं. आता बाबाही राहिले नव्हते, मग ते कुणासाठी ठेवायचं हे तिला कळत नव्हतं.

स्नानाच्या दिवशी ती सकाळच्या बसनं गेली. देऊळ ओळखू येईना. खांब इतके लाल की जवळ गेलं तर हाताला लागतील, छपराच्या कोपऱ्यांवरचे ड्रॅगन काचेच्या नव्या कपच्यांनी चमकत होते. नदी मात्र तीच, मातकट, हलकी, जणू तिनं आयुष्यात कुणाचं काही नेलं नाही. तोआन दाराशीच भेटला. बाबांच्या हाताखाली वाढलेला चुलतभाऊ, आता तोच राखणदार. "या ताई! वारसास्थळ झाल्यावर आठवण आली का देवळाची?" आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. "बघ रंग कसा लावलाय. खामकाका असते तर म्हणाले असते, नाटकाचा तंबू केलास गधड्या." "म्हणालेच असते," थोआ म्हणाली, आणि दोघंही हसली, आणि तिला वाटलं की आल्या पावली परत जाता आलं तर बरं. अंगणात शिळा आडवी ठेवलेली होती, निळसर दगडाची, शेवटच्या दोन ओळींपुरता भाग गुळगुळीत मोकळा. पाथरवट अजून यायचा होता. क्वेन कागदांची पिशवी घेऊन फिरत होती, तिनं वाकून नमस्कार केला. थोआला वाटलं, किती लहान आहे ही. मी होडीत पाय टाकला तेव्हा एवढीच होते.

पायऱ्यांवर लुऊमावशी बसली होती. त्यांच्या जुन्या गल्लीतली शेजारीण, आता एक्क्याऐंशीची, दात नाहीत, पण विडा कुटून खाण्याची सवय तिनं सोडली नव्हती. मांडीवर सूप आणि सुपात पपनसाची फुलं, स्नानाच्या पाण्यात टाकायची. "बस," ती म्हणाली. "देठ काढ. देठ पाण्यात गेला तर थोरलीला खाज सुटते म्हणे. या बायकांना सगळं कळतं, खाज कुणाला सुटते आणि कुणाला नाही." थोआ बसली. बराच वेळ दोघी देठ काढत राहिल्या. वास इतका गोड होता की घशाशी येत होता. आतून बायकांची लगबग ऐकू येत होती, लाल पडदा बांधणं चाललं होतं. मग मावशीनं सुपातून डोळे न काढता विचारलं, "ते वाक्य दगडावर घालणार आहेत म्हणे?"

"हो."

"चांगलं वाक्य आहे." मावशीनं एक फूल उचललं, देठ तोडला. "सुओंगच्या तोंडी शोभलं नसतं, पण चांगलं आहे."

थोआचे हात थांबले. मावशी तशीच देठ तोडत होती. "आम्ही अकराजण होतो तेव्हा माझ्या गच्चीवर," ती म्हणाली. "गल्लीत तेवढी एकच गच्ची. तुमची खिडकी चाळीस हात लांब असेल. पाण्याचा आवाज होता, पण माणसाचा आवाज पाण्यावरून चांगला येतो. तू होडीत बसलीस ते मी पाहिलं. ती काय म्हणाली ते मी ऐकलं. अकराहीजणांनी ऐकलं."

"मग इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं काय? तुझा बाप जिवंत होता. तू पोरगी होतीस. आणि आम्ही कुठले शहाणे? माझ्या नवऱ्याकडे दोर होता. चार धडधाकट पुरुष होते गच्चीवर. पाण्याला ओढ होती हे खरं, गेला असता तो परत आला नसता हेही खरं. पण कुणी दोर उचलून पाहिलासुद्धा नाही. मग तू ते वाक्य बोललीस. आम्हाला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. ती स्वतःच थांबली म्हटल्यावर आम्हाला जायचंच नव्हतं ना." मावशीनं सूप हलवलं, फुलं सारखी केली. "देवळाला पहिली कौलं माझ्या नवऱ्यानं का दिली, तुला काय वाटतं?"

बरं वाटलं, हे दोन शब्द मावशी इतक्या सहज बोलली होती, जणू तो कुणालाही येणारा खोकला असावा. पंचवीस वर्षं ते आपल्या एकटीचं आहे असं तिला वाटत होतं. आता तिला दिसलं की अकरा माणसं गच्चीवर बसलेली आहेत, प्रत्येकाच्या छातीतून काहीतरी मोकळं होतंय, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहत नाहीये. तिला त्यातून दिलासा मिळाला नाही. उलट आई आणखी एकटी दिसू लागली, त्या खिडकीत, चाळीस हातांवर सगळी गल्ली असताना. "किती वेळ हाका मारत होती?" तिनं विचारलं. हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नव्हता, कारण ज्याला उत्तर ठाऊक असेल असं कुणी आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

"हाका थोडा वेळ. मग शिव्या," मावशी म्हणाली आणि तिच्या बोळक्या तोंडावर हसू आलं. "अगं, काय शिव्या! तुझ्या बापाला चार दिल्या, पण खऱ्या सगळ्या हिला." तिनं अंगठ्यानं आतल्या पडद्याकडे दाखवलं. "सवतीपासून सुरुवात केली. माझी मच्छरदाणी पांघरून गेलीस रांडे, इथपर्यंत आली. मी तोवर असं काही ऐकलं नव्हतं. पोरं रडायची थांबली ऐकायला." थोआला हसू आलं, खरंखुरं, पोटातून, आणि हसता हसताच सुपातली फुलं दिसेनाशी झाली. तिनं मनगटानं डोळे पुसले आणि उठली.

क्वेन शिळेपाशी नुकत्याच आलेल्या पाथरवटाला कागद दाखवत होती. थोआ म्हणाली, "हे वाक्य नको."

"कुठलं, मावशी?"

"थोरलीला आधी न्या. ती असं म्हणाली नव्हती. ते मी म्हटलं होतं, नंतर, शाळेत."

क्वेननं तिच्याकडे पाहिलं, मग तोआनकडे, जो आवाज ऐकून जवळ आला होता. "पण मावशी, याच वाक्यामुळे तर..." तिनं ते पुरं केलं नाही. मग हळू विचारलं, "मग त्या काय म्हणाल्या होत्या?"

मन वळू पाहत होतं. थोआनं ते वळू दिलं नाही. "ती म्हणाली, 'मला आधी न्या. मला भीती वाटते.'" शब्द बाहेर पडले तेव्हा ते इतके साधे होते की तिला आश्चर्य वाटलं. आजारी माणूस असंच बोलतो, लहान मूल असंच बोलतं. पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तोआनचं हसणं गेलं होतं. "पंचवीस वर्षं! अख्खा प्रांत ते वाक्य जाणतो. थोरलीनं स्वतः अंगात येऊन सांगितलंय. आता खामकाकांच्या माघारी त्यांच्या तोंडाला काळं फासतेस? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय विचारतोस?" पायऱ्यांवरून लुऊमावशी ओरडली. "लोक तेव्हा माझ्या गच्चीवर होते. तुझा बापही होता, तोआन."

तोआननं तिच्याकडे पाहिलं. त्याला हे नवीन होतं की फक्त आजवर न उच्चारलेलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तो रुमालानं मान पुसत राहिला. मग आत गेला, आणि आत गेल्यावर एका बाईवर पडदा वाकडा बांधल्याबद्दल खेकसल्याचं ऐकू आलं. क्वेन अजून कागद धरून उभी होती. "'मला भीती वाटते' हे कोरता येणार नाही, मावशी," ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "वरचे लोक मान्य करणार नाहीत."

"कोरू नका. फक्त ते खोटं कोरू नका. माझ्या बाबांनी थोरलीला आणलं हे खरं आहे, ते राहू दे. त्यांची बायको सुओंग त्याच पुरात गेली, एवढंच लिहा." क्वेननं शिळेवरच कागद ठेवून ओळ खोडली, वर नवी लिहिली, आणि थोआला वाचून दाखवली. वाक्य कोरडं होतं. त्यावर कुणाचे डोळे भरून येणार नव्हते. पाथरवटानं अक्षरं मोजली आणि म्हणाला की आता एकाच ओळीत बसेल, दुसरी ओळ रिकामी राहील. "राहू दे," थोआ म्हणाली.

ती परत पायरीवर येऊन बसली तेव्हा आत स्नान सुरू झालं होतं. बायकांनी सूप नेलं होतं. पडद्यामागून पाण्याचा आवाज येत होता, पातळ, बेताचा. तिला हलकं वाटत नव्हतं. बाबांना दिलेली एकुलती एक गोष्ट आपण त्यांच्या हातातून काढून घेतली, असं वाटत होतं, आणि ते मागे फिरवता येण्यासारखं नव्हतं. लुऊमावशी नुसतीच बसली होती, रिकामे हात मांडीवर उलटे ठेवून. थोआनं विचारलं, "शिव्यांनंतर?"

"शिव्यांनंतर दमली. पाणी खिडकीशी आलं होतं. घर कुरकुरायला लागलं होतं, आम्हाला ऐकू येत होतं. मग तिनं मला हाक मारली. लुऊ, अगं लुऊ. एरवी सकाळी कुंपणावरून मारायची तशीच. मी ओ दिली. तेव्हा ती म्हणाली, 'पोचली असेल का गं ती?'"

"कोण ती?" थोआनं विचारलं. "मी, की...?"

"ते विचारायचं राहिलं गं," लुऊमावशी म्हणाली. "मी फक्त ओरडून सांगितलं, पोचली."